बाजरीतले लोह आणि झुकते माप

जालना शहराची ओळख बियाण्यांचे गाव अशी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ची स्थापना केली, १९९८ मध्ये त्यांना ‘वर्ल्ड फूड प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे या परिसरात अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. बियाण्याच्या पिशवीवरील दावा तपासून पाहण्याची येथील शेतकऱ्याला जुनी सवय आहे. उगवण कमी झाली तर ते आठवड्याभरात दिसते, कणीस भरले नाही तर हंगामाअखेर कळते. गेल्या काही वर्षांत मात्र बाजरीच्या बियाण्यासोबत एक वेगळ्याच जातीचा दावा येऊ लागला आहे. या वाणात लोह आणि जस्त जास्त आहे, ही भाकरी खाल्ल्याने रक्त वाढते, असा तो दावा. तो शेतात तपासता येत नाही. त्यासाठी माणसांवर केलेल्या आहार संशोधनाकडे जावे लागते, आणि ते संशोधन कितपत विश्वासार्ह आहे हे पारखण्याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या दोन दशकांत विकसित झाले आहे.

दाव्याचा पाया काल्पनिक नाही. ‘धनशक्ती’ हे लोहसमृद्ध बाजरीचे वाण हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने पुढे आणले. महाराष्ट्रासाठी ते २०१२ मध्ये आणि देशासाठी २०१४ मध्ये प्रसारित झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘एएचबी १२००’ आणि ‘एएचबी १२६९’ हे संकरित वाण त्यानंतर आले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या यादीत त्यांतील लोहाचे प्रमाण किलोला अनुक्रमे ७३ आणि ९१ मिलिग्रॅम असे दिले आहे. २०१८ पासून तर बाजरीचे कोणतेही नवे वाण प्रसारित व्हायचे असेल तर त्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असले पाहिजे, असा निकषच ठरला आहे.

गरजही खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. भोकरदन, जाफराबाद, अंबडकडील ज्या घरांत हिवाळाभर बाजरीची भाकरी होते, तेथे केवळ बियाणे बदलून हा आकडा खाली येणार असेल तर त्याहून स्वस्त उपाय दुसरा नाही. पण दाण्यात लोह असणे, ते आतड्यांत शोषले जाणे, शरीरातील साठा वाढणे आणि रक्तक्षय हटणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा चौथीला लागू पडत नाही.

झुकते माप म्हणजे काय

मोंढ्यातील तराजूचे उदाहरण येथे चपखल बसते. काटा थरथरत असेल तर एकाच पोत्याचे वजन कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी येते. दहा वेळा तोलून सरासरी काढली की खऱ्या वजनाच्या जवळ पोहोचता येते. परंतु मापच खोटे असेल तर शंभर वेळा तोलूनही उत्तर चुकणारच, आणि दर वेळी एकाच दिशेने चुकणार. संशोधनातील पहिल्या प्रकारची चूक मोठ्या संख्येने माणसे घेऊन कमी करता येते. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला संख्याशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘अभिनती’ म्हणतात. ती संख्येने जात नाही. हजारो लोकांचा अभ्यास असला तरी तो झुकलेला असू शकतो.

अभिनतीचा आणि लबाडीचा संबंध असेलच असे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अत्यंत प्रामाणिक संशोधकाच्या हातूनही माप झुकते. म्हणूनच ‘अभिनती आहे’ असे न म्हणता ‘अभिनतीचा धोका किती’ असे विचारले जाते. वैद्यकीय पुराव्यांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये यासाठी एक साधन तयार केले आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. यादृच्छिक चाचण्यांसाठी असलेल्या या साधनात पाच ठिकाणी तपासणी होते: गट कसे पाडले, ठरलेल्या आहारापासून लोक ढळले का, किती जणांची मोजणी अर्धवट राहिली, मोजमाप कसे झाले आणि अनेक निष्कर्षांतून सोयीचे तेवढे निवडून छापले का. प्रत्येक ठिकाणी ‘धोका कमी’, ‘काही शंका’ किंवा ‘धोका जास्त’ असा निर्णय द्यायचा असतो. परीक्षेसारखे गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मुद्दाम टाळली आहे. चार ठिकाणी उत्तम आणि पाचव्या ठिकाणी गंभीर दोष असेल, तर एकंदर निकाल ‘धोका जास्त’ असाच लागतो. आणखी एक बारकावा असा की, निर्णय संपूर्ण अभ्यासाबद्दल नसतो, त्यातील एकेका निष्कर्षाबद्दल असतो. एकाच अभ्यासातील रक्ततपासणीचा निष्कर्ष भक्कम आणि ‘अशक्तपणा कमी झाला’ हा तोंडी सांगितलेला निष्कर्ष कच्चा, असे सहज होऊ शकते.

अहमदनगरच्या वसतिगृहातील भाकरी

या साधनाचा उपयोग समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. लोहसमृद्ध बाजरीवरील सर्वांत जास्त उल्लेखली जाणारी चाचणी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील निवासी शाळांत झाली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ, मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आणि ‘हार्वेस्टप्लस’ हा पोषणसमृद्ध वाणांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम यांच्या संशोधकांनी ती केली व २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये ती प्रसिद्ध झाली. १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ मुलामुलींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडण्यात आले. एका गटाला किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीची, तर दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी दिवसातून दोन वेळा, सहा महिने देण्यात आली. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोहाची कमतरता आणि २८ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता.

निष्कर्ष आशादायक होते. चार महिन्यांनंतर लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्या गटात सीरम फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा निर्देशक, तुलना गटापेक्षा लक्षणीय वाढला. ज्या मुलांत सुरुवातीलाच लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी नव्या बाजरीच्या गटातील मुले सहा महिन्यांत कमतरतेतून बाहेर पडण्याची शक्यता १.६४ पट होती.

आता तराजू तपासायचा. पहिली कसोटी गट पाडण्याची. समजा, घनसावंगी तालुक्यातील एखाद्या गावात असाच प्रयोग करायचा आहे आणि अंगणवाडी ताईंना सांगितले की, निम्म्या मुलींना नवी बाजरी द्या. ज्यांना जास्त गरज आहे त्या अशक्त मुलींना ती आधी मिळेल. हा माणुसकीचा भाग झाला, पण तुलना तेथेच बिघडली. चिठ्ठ्या टाकून विभागणी केली की ताईंची दया, सरपंचांचा शब्द आणि पालकांचा आग्रह या तिन्ही गोष्टी बाहेर राहतात. दोन्ही गटांत गरीब-सधन, आजारी-निरोगी सारख्याच प्रमाणात विखुरले जातात. ज्यांची मोजणी झाली नाही असे घटकही, उदाहरणार्थ घरातील शौचालय किंवा जंतांचा प्रादुर्भाव, आपोआप वाटले जातात. अहमदनगरची चाचणी या कसोटीवर मुळातच बळकट आहे.

तुलना गट असणे हीच किती मोठी गोष्ट आहे, हे एका साध्या उदाहरणावरून पटते. आरोग्य शिबिरात शंभर मुलींचे रक्त तपासले आणि ज्यांचे हिमोग्लोबिन सर्वांत कमी आले त्या वीस निवडल्या. तीन महिने काहीही न करता त्यांची पुन्हा तपासणी केली, तरी सरासरी थोडी वर आलेली दिसते. कारण त्या वीसांतील काहींचा आकडा त्या दिवशी ताप, पाळी किंवा मोजणीतील फरक यांमुळे नेहमीपेक्षा खाली आलेला होता, तो आपल्या जागी परततो. दरम्यानच्या काळात त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला असेल तर श्रेय लाडवाला जाते. ‘आधी इतके, नंतर इतके’ एवढेच सांगणाऱ्या आहारविषयक बातम्यांतील मोठा भाग या एका कारणाने बाद करावा लागेल.

दुसरी कसोटी, ठरलेला आहार प्रत्यक्षात पोटात गेला का. येथे निवासी शाळेचा फायदा उघड आहे. स्वयंपाक एकाच ठिकाणी, पंगत एकच, भाकऱ्या मोजून देता येतात. घरोघरी पीठ वाटले असते तर ते सगळ्या कुटुंबाच्या ताटात गेले असते, पाहुणे आले असते, आणि बाजरीचे पीठ काही दिवसांत कडवट होते म्हणून उरलेले जनावरांपुढे गेले असते. शिवाय आपल्याला ‘चांगली’ बाजरी मिळते आहे हे घरच्या बाईला कळले की तिचे बाकीचे वागणेही बदलते. पालेभाजी जरा जास्त होते, लोखंडी तव्यावरच भाकरी टाकली जाते, शाळेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी चुकत नाही. म्हणून कोणाला कोणती बाजरी हे खाणाऱ्याला, वाढणाऱ्याला आणि रक्त तपासणाऱ्याला माहीत नसणे आवश्यक असते. औषधाच्या चाचणीत दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्या करता येतात. अन्नाच्या बाबतीत हे अवघड, कारण दूध आणि ताक, गहू आणि ज्वारी यांतील फरक कोणापासून लपवणार? बाजरीविरुद्ध बाजरी अशी तुलना केल्याने अहमदनगरच्या संशोधकांना ही अडचण बरीचशी टाळता आली. पोषणसमृद्ध वाणांवरील चाचण्यांचे हे वैशिष्ट्य फारसे लक्षात घेतले जात नाही.

तुलनेच्या बाजरीबद्दल मात्र एक प्रश्न उरतो. तिच्यातील लोहाचे प्रमाण किलोला २१ ते ५२ मिलिग्रॅम असे नोंदलेले आहे. ही मर्यादा बरीच रुंद आहे. दिवसाला २०० ग्रॅम पीठ धरले तर लोहसमृद्ध बाजरीतून सुमारे १७ मिलिग्रॅम आणि तुलनेच्या बाजरीतून ४ ते १० मिलिग्रॅम लोह मिळते, म्हणजे दोन गटांतील अंतर कधी १३ तर कधी ७ मिलिग्रॅमचे असू शकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकात तर बाजरीतील लोह १०० ग्रॅमला ६.४२ मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ६४ मिलिग्रॅम दिले आहे. हा आकडा प्रयोगातील साध्या बाजरीपेक्षा वरचा आहे. धान्यातील लोहाचे मोजमाप माती, धूळ आणि गिरणीतील लोखंडाची झीज यांनी फुगते, हेही एक कारण असू शकते. ही अभिनती नव्हे, पण निष्कर्ष जालन्याच्या घरात लागू करताना हा प्रश्न टाळता येत नाही: तेथे आज खाल्ली जाणारी बाजरी प्रयोगातील साध्या बाजरीसारखी आहे की आधीच बऱ्यापैकी लोहयुक्त आहे?

ऊसतोडीला गेलेली मुले

तिसरी कसोटी मराठवाड्याला विशेष जवळची आहे. प्रयोगाच्या शेवटी जेवढ्या मुलांची मोजणी झाली, त्यांच्यावरूनच निष्कर्ष निघतो. मधूनच गळालेली मुले कोण होती? अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात आणि कारखान्यांचा गाळप हंगाम संपल्यावर परततात. सप्टेंबरमध्ये सुरू केलेल्या आणि मार्चमध्ये संपणाऱ्या अभ्यासातून नेमकी हीच मुले निघून जातील. उरतील ती शेती असलेल्या, आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या किंवा शिक्षकांच्या घरातील मुले. त्यांची प्रकृती मुळातच बरी. गळती दोन्ही गटांत सारखी असेल, तर दोन गटांची तुलना बऱ्याच वेळा टिकते, मात्र निष्कर्ष सर्वांना लागू राहत नाही. गळती एका गटात जास्त असेल तर तुलनाच मोडते. अशा वेळी ‘शंभरपैकी ऐंशींची तपासणी झाली’ एवढी माहिती पुरेशी नसते. उरलेल्या वीस जणांचे वय, वजन आणि सुरुवातीचे हिमोग्लोबिन काय होते आणि ते का गेले, याचा तक्ता अहवालात हवा. तो नसेल तर या रकान्यात ‘काही शंका’ लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

मोजमापाचा प्रश्न, म्हणजे चौथी कसोटी, आहार संशोधनात सर्वांत अवघड. रक्तक्षय हा शब्द जणू एखादी ठाम गोष्ट असल्यासारखा वापरला जातो, पण रक्त कोठून घेतले यावरही आकडा बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून निघालेल्या थेंबावर छोट्या यंत्राने हिमोग्लोबिन मोजले जात असे. २०१५-१६ च्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. जवळपास त्याच काळात, २०१६-१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्के निघाले. वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरीही एवढी तफावत केवळ वयाने स्पष्ट होत नाही. थेंब काढण्यासाठी बोट दाबले की ऊतींतील द्रव मिसळतो, हे त्यामागचे एक मान्य कारण आहे. म्हणूनच एका सर्वेक्षणातील जुना आकडा आणि दुसऱ्या पद्धतीने काढलेला नवा आकडा शेजारी ठेवून ‘योजनेमुळे रक्तक्षय घटला’ असे म्हणणे हा मापाचा घोटाळा ठरतो.

फेरिटिनचीही एक खोड आहे. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असला की ते लोह न वाढताही वाढते. पावसाळ्यात तापाची साथ आलेल्या वसतिगृहात फक्त फेरिटिन मोजले तर मुलांची स्थिती सुधारल्याचा भास होईल. अहमदनगरच्या चाचणीत दाहाचे दोन निर्देशक सोबत मोजले होते, ही तिची जमेची बाजू.

पाचव्या कसोटीवर मात्र थोडे थांबावे लागते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, लोहाचे आणखी निर्देशक, उंची, वजन, आणि या सर्वांची चार व सहा महिन्यांनी मोजणी. शिवाय कमतरता असलेली व नसलेली मुले असे उपगट. एवढ्या तुलनांतून एखाद-दुसरी केवळ योगायोगाने लक्षणीय ठरणे अशक्य नाही. अभ्यासाच्या सारांशात सरासरीतील जो फरक पुढे केला आहे तो चार महिन्यांनंतरचा आहे, आणि १.६४ पट हा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा उपगटातील आहे. त्याच्या ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा १.०७ ते २.४९ अशा आहेत, म्हणजे खरा परिणाम जवळपास नगण्य किंवा अडीचपटीच्या घरात, दोन्ही असू शकतो. उपगटाची निवड तर्काला धरून आहे, कारण ज्याच्या शरीरात लोह कमी त्यालाच ते जास्त शोषले जाते. तरीही ‘बाजरीने रक्तक्षय जातो’ असे त्यावरून म्हणता येत नाही. ‘लोहाची कमतरता असलेल्या वसतिगृहातील मुलांचा लोहाचा साठा लवकर भरून येतो’ एवढेच म्हणता येते.

ही कसोटी वाचकाला स्वतः लावता येते, याचे कारण चाचण्यांची पूर्वनोंदणी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला सहभागी घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. मुख्य निष्कर्ष कोणता मोजणार हे त्या नोंदीत आधीच लिहिलेले असते. छापलेल्या लेखात तो मागे पडून दुसराच पुढे आला असेल, तर तारखेसह उघडे पडते.

खाल्ले काय, ते आठवून सांगा

चाचण्या महाग असतात, म्हणून पुष्कळसे आहार संशोधन केवळ निरीक्षणावर चालते. बाजरी खाणाऱ्यांची आणि न खाणाऱ्यांची प्रकृती तपासायची आणि फरक काढायचा. अशा अभ्यासांसाठी २०१६ पासून वेगळे साधन वापरात आहे, आणि त्यातील पहिलाच प्रश्न असा की दोन गटांत बाजरीखेरीज आणखी काय वेगळे होते. जाफराबादच्या खेड्यात रोज बाजरी खाणारे घर बहुधा कोरडवाहू शेतीवर जगणारे, अंगमेहनतीचे असते. पुण्यामुंबईत रोज बाजरी खाणारे घर बहुधा सुस्थितीतील, डॉक्टरांच्या सल्ल्याने गहू सोडलेले असते. एकाच धान्याबाबतचा निष्कर्ष पहिल्या ठिकाणी धान्याला बदनाम करील आणि दुसऱ्या ठिकाणी डोक्यावर घेईल.

शिवाय आहाराची नोंद स्मरणावर होते. ‘काल सकाळपासून काय काय खाल्ले’ हा प्रश्न चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी विचारला तर उत्तरात साबुदाणा आणि भगर येते, भोगीच्या दुसऱ्या दिवशी विचारला तर तीळ लावलेली बाजरीची भाकरी येते. बाजरी हे मुख्यतः थंडीतले अन्न असल्याने उन्हाळ्यातील पाहणी तिचे प्रमाण कमी दाखवते. घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवते, आणि उरलेसुरले किती होते हे ती वाटीच्या मापात सांगू शकत नाही. नीट काम करणारे अभ्यासक म्हणूनच वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वारी, एकाहून अधिक वेळा विचारतात आणि घरातील भांडी मोजून घेतात.

पैसा कोणाचा

अभ्यासाला पैसा कोणी दिला, हा सामान्य वाचकाचा पहिला प्रश्न असतो. आश्चर्य म्हणजे कॉक्रेनच्या पाच कसोट्यांत तो स्वतंत्रपणे नाही. त्यामागील युक्तिवाद असा की, पैशाचा प्रभाव पडला असेल तर तो या पाच जागांपैकी कोठेतरी दिसेलच. सर्वांना हे पटलेले नाही, आणि न पटण्याला आधार आहे. शीतपेये, फळांचे रस आणि दूध यांवरील २०६ लेखांची छाननी २००७ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. संपूर्ण खर्च उद्योगाने केलेल्या लेखांत निष्कर्ष उद्योगाला अनुकूल असण्याची संभाव्यता, उद्योगाचा पैसा नसलेल्या लेखांच्या तुलनेत, सुमारे साडेसात पट आढळली. प्रत्यक्ष प्रयोग केलेल्या अभ्यासांत, उद्योगाच्या पैशातून झालेल्यांपैकी एकाचाही निष्कर्ष प्रतिकूल नव्हता, तर इतरांत ३७ टक्के प्रतिकूल होते. येथे मोजमापात लबाडी झालीच असेल असे नाही. कोणता प्रश्न विचारायचा आणि कशाशी तुलना करायची हे ठरवतानाच माप झुकवता येते.

अहमदनगरच्या चाचणीचा खर्च हार्वेस्टप्लसने केला, आणि लेखकांत त्या कार्यक्रमाचे संशोधकही होते. तो नफा कमावणारा उद्योग नाही. पण ज्या कार्यक्रमाचे उद्दिष्टच असे वाण पसरवणे हे आहे, त्याला अनुकूल निष्कर्षाची ओढ असणे स्वाभाविक म्हटले पाहिजे. यामुळे चाचणी निकालात निघत नाही. तिची पाचवी कसोटी अधिक काटेकोरपणे लावावी लागते, इतकेच.

आढाव्यांचे आढावे

एका अभ्यासावर विसंबू नये, अनेकांचे एकत्रित विश्लेषण पाहावे, हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. इक्रिसॅटच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये भरडधान्ये आणि रक्तक्षय यांवर असा एक आढावा प्रसिद्ध झाला. नियमित भरडधान्य खाणाऱ्यांचे हिमोग्लोबिन सरासरी १३.२ टक्क्यांनी वाढले, हे त्यातील वाक्य देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात त्याचा भरपूर वापर झाला. त्याच वाक्याचा उत्तरार्ध मात्र अनेक ठिकाणी गळाला: नेहमीचा आहार घेणाऱ्या गटांतही २.७ टक्के वाढ झाली होती. शिवाय एकत्र केलेल्या अभ्यासांचा कालावधी २१ दिवसांपासून साडेचार वर्षांपर्यंत पसरलेला होता. नाचणी, बाजरी, ज्वारी अशी वेगवेगळी धान्ये आणि वेगवेगळे पदार्थ एकाच सरासरीत बसवले की ती सरासरी नेमकी कशाची, हे सांगणे कठीण होते. खोट्या मापाने तोललेली दहा पोती एकत्र केली तर वजन मोठे होते, खरे होत नाही.

त्या मानाने लोहसमृद्ध वाणांवरील २०१९ चा आढावा संयत आहे. त्यात रवांडातील घेवडा, फिलिपिन्समधील तांदूळ आणि महाराष्ट्रातील बाजरी अशा केवळ तीन यादृच्छिक चाचण्या घेतल्या. लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत सुधारणा आढळली, परंतु लोहाची कमतरता किंवा रक्तक्षय असलेल्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बौद्धिक चाचण्यांचा बाजरीबाबतचा भाग १४० मुलामुलींवरील २०१८ च्या लेखातून आलेला आहे. आढावा घेणारे आणि मूळ चाचण्या करणारे संशोधक यांतील काही नावे सारखी आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

शोषणाच्या टप्प्यावरचा पुरावा बेळगावचा आहे. तेथे दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर समस्थानिकांच्या साह्याने केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लोहसमृद्ध बाजरीतून दिवसाला सरासरी ०.६७ मिलिग्रॅम, तर साध्या बाजरीतून ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषले गेले. समस्थानिकांची पद्धत अचूक असल्याने मोजमापाचा धोका येथे कमी. पण हा प्रयोग अल्पकाळाचा आहे, तो शोषणाबद्दल बोलतो, आजाराबद्दल नाही.

याच वयाच्या मुलांत महिनोन्महिने ही बाजरी दिली तर काय होते, याचे उत्तर मुंबईतून आले. झोपडवस्त्यांतील १२ ते १८ महिने वयाच्या २२३ मुलांना नऊ महिने शिरा आणि उपमा देण्यात आला. एका गटाला लोह-जस्तसमृद्ध बाजरीचा, दुसऱ्याला साध्या बाजरीचा. सुरुवातीला दोनतृतीयांशांहून अधिक मुलांना रक्तक्षय होता, म्हणजे सुधारणेला भरपूर वाव होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोहाच्या निर्देशकांत आणि वाढीत दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. मुलग्यांमध्ये हिमोग्लोबिनची वाढ अधिक दिसली, पण तोही उपगटच, आणि त्याला अहमदनगरच्या उपगटाइतकाच सावध दर्जा द्यावा लागतो. ही चाचणी करणाऱ्यांत अहमदनगरच्या चाचणीतील संशोधकही होते. आपल्या बाजूने न गेलेला निष्कर्ष त्यांनी छापला, ही गोष्ट दोन्ही चाचण्यांवरचा विश्वास वाढवणारी आहे.

१२ ते १६ वर्षांची वसतिगृहातील मुले दिवसाला दोन वेळा पोटभर भाकरी खातात, दीड वर्षाचे मूल वाटीभर शिरा खाते. दोन निष्कर्षांतील फरकाचा काही भाग त्या वाटीत असू शकतो. जालना जिल्ह्यातील एखाद्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरासाठी अहमदनगरचा पुरावा जवळचा आहे, तर अंगणवाडीच्या पूरक आहारासाठी मुंबईचा.